लंडन ते इन्व्हर्नेस : मधल्या मुक्कामाचा विचार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने परदेशप्रवासावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. परदेशप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांची मुलेबाळे विलायतेत, अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात आहेत, आणि वर्षा-दोन वर्षांआड आपणही तिकडे जाऊन येता. तेव्हा राणीचा राजवाडा आणि लंडनचा पूल यांचे वर्णन ऐकण्याची हौस कोणाला असणार? परंतु चिटणीसांनी आग्रह धरला, आणि आम्हालाही वाटले की एका विषयावर बोलण्याजोगे आपणापाशी काही आहे. तो विषय म्हणजे विलायतेतील लांबच्या आगगाडीच्या प्रवासाची आखणी, आणि विशेषतः मधे कोठे उतरावे, किती दिवस राहावे आणि त्यासाठी तिकीट कसे घ्यावे. विषय क्षुद्र वाटेल. आमच्या घरी मात्र त्यावरून सात वर्षे अबोला नव्हे, पण अडवणूक होती.

आमची कन्या आणि जावई इन्व्हर्नेस येथे असतात. हे गाव स्कॉटलंडच्या उत्तरेस आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावरून तेथे जाणारी थेट गाडी दिवसातून एकच. अंतर सुमारे ५८० मैल आणि वेळ सुमारे आठ तास. पुण्याहून नागपुरास रात्रभर बसून जाणाऱ्या आपल्या लोकांना आठ तास म्हणजे काहीच नव्हे, असे आम्हाला २०१८ साली वाटले होते. जावयांनी काळजीपूर्वक स्वस्त तिकिटे काढून पाठविली. आम्ही उभयता गाडीत बसलो. दोन-अडीच तासांनी सौ.चे गुडघे आखडले. पाय लांब करावयास जागा नाही आणि आपल्या गाडीसारखे आडवे होण्याची सोय नाही. मधल्या एका मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली. फलाटावर चहाचे दुकान दिसत होते. आम्ही म्हणालो, चल, उतरू, चहा घेऊ, पाय मोकळे करू. मागून दुसरी गाडी आहेच. आपल्याकडे पाचशे किलोमीटरांपुढच्या तिकिटावर मधे उतरण्याची मुभा रेल्वेच्या नियमांत आहे, हे आम्हाला वडिलांमुळे लहानपणापासून ठाऊक. आगगाडी ज्यांनी आपल्याला दिली त्यांच्या घरी ही मुभा नसेल, असे मनातही आले नाही.

दुसऱ्या गाडीत तिकीट-तपासनीस आला. त्याने तिकिटे पाहिली, पुन्हा पाहिली, आणि अतिशय सभ्य शब्दांत सांगितले की ही तिकिटे केवळ त्याच गाडीची होती. मधे उतरल्याबरोबर ती संपली. नवी तिकिटे घ्यावी लागतील, आणि तीही ऐनवेळच्या पूर्ण दराने. दोष त्याचा नव्हता. तिकिटावर सारे छापलेले होते. आम्हीच ते वाचले नव्हते. परंतु डब्यातील उतारू माना वळवून पाहत होते. पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलण्याचे धडे दिलेला मास्तर विनातिकीट उतारूसारखा उभा होता, आणि सौ. खिडकीबाहेर पाहत होती. पहिल्या तिकिटांपेक्षा दंडाची तिकिटे महाग पडली. इन्व्हर्नेसला पोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. त्या रात्री सौ. लेकीला एवढेच म्हणाली, "तू आता तिकडेच येत जा, बाई. मी पुन्हा या वाटेने यायची नाही."

आणि ती खरोखरच जाईना. नातू झाला, त्याचे बारसे आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिले. जावई म्हणाले, लंडनहून विमानाने या, दीड तासाचे काम. सौ. म्हणे, मुंबईचे नऊ-दहा तासांचे विमान उतरले की मी दुसऱ्या विमानात पाऊल टाकणार नाही. आणि आगगाडीचे तर नावच काढू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात जावयाचे ठरले तेव्हा आम्ही तिला शब्द दिला की तीन तासांहून फार अधिक तुला एका बैठकीत बसवणार नाही, जेथे उतरू तेथे हक्काने उतरू, आणि कोणी आपल्याकडे मान वळवून पाहणार नाही. पुढे जे सांगतो ते या शब्दापायी केलेला अभ्यास होय.

विलायतेतील तिकिटांचे शास्त्र मोठे विचित्र आहे. आपल्याकडे दर अंतरावर आणि वर्गावर ठरतो. तिकडे तोच डबा, तीच जागा, परंतु तिकीट कोणत्या जातीचे यावर पैसे आणि स्वातंत्र्य दोन्ही ठरतात. (जातीचा उल्लेख केवळ व्याकरणार्थाने केला आहे, गैरसमज नसावा.) सर्वांत स्वस्त ते 'अॅडव्हान्स'. हे साधारणतः दहा-बारा आठवडे आधीपासून मिळू लागते, ठरावीक गाडीचे असते, जागा ठरलेली असते, आणि त्यावर मधे उतरता येत नाही. आमचा घात याने केला. सर्वांत महाग ते 'एनीटाइम'. केव्हाही बसा, केव्हाही उतरा. या दोहोंमध्ये 'ऑफ-पीक', म्हणजे गर्दीची वेळ टाळून प्रवास करणाऱ्यांचे. यावर बहुधा मधे उतरता येते, आणि परतीचे ऑफ-पीक घेतले तर परतीचा भाग साधारण महिनाभर चालत असल्यामुळे वाटेत रात्रीचा मुक्कामही करता येतो. जातानाचा भाग मात्र त्या दिवसापुरताच असतो. परंतु येथेही एक मेख आहे. लंडन ते एडिंबरो या मार्गावर २०२४ पासून जुनी ऑफ-पीक तिकिटे काढून टाकली आणि त्याऐवजी ठरल्या गाडीच्या सत्तर मिनिटे मागेपुढे जाऊ देणारे एक नवे तिकीट आणले. म्हणजे ज्या मार्गाने आम्हाला जावयाचे, तेथेच मधली वाट बंद! मुलांनी दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून सांगितलेले शब्द प्रमाण धरू नयेत ते यासाठी.

मग उपाय काय? उपाय इतका सोपा की आम्हाला तो सुचावयास तीन आठवडे लागले. तिकीट लंडन ते इन्व्हर्नेस असे काढावयाचेच नाही. आधी कोठे उतरावयाचे ते ठरवावे आणि तेथवरचेच स्वतंत्र तिकीट काढावे. मुक्काम झाल्यावर तेथून पुढचे दुसरे. दोन्ही 'अॅडव्हान्स' असली तरी बिघडत नाही, कारण जेथे उतरावयाचे तेथेच तिकीट संपते. आम्ही सर्वजण उलट करतो. मुलांना सांगतो, "तिकीट काढून टाक," आणि मग पोस्टाच्या पार्सलासारखे पत्त्यावर जाऊन पडतो. वाटेत काय आहे, आपणास काय झेपते, याचा विचार पार्सलाने करावयाचा नसतो.

सवलतीविषयीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. साठ वर्षांवरील माणसास तिकडे 'सीनियर रेलकार्ड' मिळते. त्याने बहुतेक तिकिटांवर एक-तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी त्या देशाचा रहिवासी असावे लागत नाही, पासपोर्टावरील जन्मतारीख पुरते. आम्ही अशी दोन घेणार होतो. तेव्हा पुतण्याने दाखविले की 'टू टुगेदर' नावाचे दुसरे कार्ड आहे. ते दोघांत मिळून एक, सूट तीच, अट एवढीच की दोघांनी बरोबरच प्रवास करावा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनवाच्या आत गाडी धरू नये. कार्डाची किंमत २०२५ मध्ये ३५ पौंड झाली. म्हणजे एकाच कार्डात आमचे ३५ पौंड वाचले. ज्यांना पंधरवडाभर बराच भ्रमण करावयाचा आहे त्यांनी परदेशी लोकांसाठी असलेल्या 'ब्रिटरेल' पासाचाही हिशेब करून पाहावा. त्यात चढण्या-उतरण्याचे बंधन जवळजवळ नसते. आमच्या तीन टप्प्यांस तो महाग पडत होता.

आता मुक्काम कोठे? आम्ही भिंतीवर नकाशा लावला. शाळेतील जुनी सवय. किंग्ज क्रॉसपासून यॉर्क १८८ मैल, एडिंबरो ३९३ मैल. म्हणजे यॉर्क आणि एडिंबरो येथे उतरले तर पहिला तुकडा १८८ मैलांचा, दुसरा २०५ चा आणि तिसरा पावणेदोनशेच्या आसपास. इतकी सरळ वाटणी गणिताच्या पुस्तकातही सहसा मिळत नाही. वेळ पहिल्यास दोन तासांच्या आत-बाहेर, दुसऱ्यास अडीच, तिसऱ्यास साडेतीन. यॉर्कला दोन रात्री आणि एडिंबरोस एक असे ठरले. एडिंबरोस ऑगस्टात जाऊ नये. तेथील कलामहोत्सवामुळे, जो १९४७ पासून चालू आहे, राहण्याचे दर आकाशाला भिडतात. आम्ही जून निवडला. उत्तरेस जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परक्या गावात अंधारात घर शोधण्याची भीती नाही. रविवार टाळला, कारण रुळांच्या दुरुस्तीची कामे बहुधा त्याच दिवशी काढतात.

यॉर्कविषयी आमचा थोडा स्वार्थ होता, तो लपवीत नाही. आमचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची ती लहान गाडी अनेकांना आठवत असेल; १८९७ साली सुरू झाली आणि १९५४ साली सरकारने घेतली. तिची पहिली एंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने घडविली होती. वडिलांना इंग्रजी बेताचे येत असे, पण 'किटसन, लीड्स' ही अक्षरे ते अगदी वळणदार लिहीत. आम्हाला इंग्लंडातील लंडननंतर ठाऊक झालेले दुसरे गाव लीड्स, आणि ते भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे. यॉर्क लीड्सच्या शेजारी, आणि तेथे स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९७५ साली उघडले, प्रवेशास पैसे पडत नाहीत.

राहण्याचे घर ठरविताना सौ.ने स्वतः लक्ष घातले. तिकडील जुन्या घरगुती खाणावळींचे जिने अरुंद आणि उभे असतात व लिफ्ट क्वचितच असते. तिने पुतण्याकडून पत्र लिहविले की तळमजल्याची खोली असेल तरच येतो. तिसऱ्या घराने होय म्हटले. हमाल तेथे नाहीत हे तिने गेल्या वेळी पाहिलेच होते, म्हणून दोघांत मिळून एकच मोठी पेटी आणि एक पिशवी नेली. बाकीचे सामान पुतण्याकडे लंडनला ठेवले. गुडघ्यांसाठी आम्ही आणखी एक सोय आधी मागून ठेवली. म्हाताऱ्या आणि अधू उतारूंना गाडीत चढविण्या-उतरविण्यास स्टेशनावरील माणूस विनामूल्य मदत करतो. त्याला 'पॅसेंजर असिस्ट' म्हणतात आणि त्याची नोंद आधी करता येते. सौ.ला याचा प्रथम संकोच वाटला. आम्ही म्हणालो, सरकारी दवाखान्यात ओळख काढण्यापेक्षा हे बरे.

प्रस्थानाच्या दिवशी किंग्ज क्रॉसला आम्ही तासभर आधी पोचलो. इतके लवकर जाऊन उपयोग नसतो, कारण गाडी कोणत्या फलाटावर हे फळ्यावर उशिरा लागते. मात्र सुटण्याच्या दोन मिनिटे आधी दरवाजे बंद होतात हे लक्षात ठेवावे. धावत येणाऱ्यास आपल्याकडच्यासारखा दांडा धरून चढता येत नाही. जागा आम्ही उजवीकडच्या मागून घेतल्या होत्या. उत्तरेकडे जाताना पाहण्यासारखे बहुतेक सर्व उजव्या हातास आहे.

पहिल्या टप्प्यात सांगण्यासारखे थोडेच. सपाट शेते, मेंढ्या. यॉर्क जवळ येऊ लागले तशी सौ. अस्वस्थ झाली. तिने पिशवीतून तिकिटे काढली, चष्मा लावला आणि विचारले, "अहो, येथे उतरायला हरकत नाही ना?" आम्ही म्हणालो, नाही, येथवरचेच आहे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. फलाटावर उतरल्यावर, मदतीचा माणूस पेटी घेऊन पुढे चालला असताना, तिसऱ्यांदा. तेव्हा आम्हाला प्रथमच कळले की २०१८ च्या त्या डब्यात तिचे गुडघे दुखले त्याहून अधिक काय दुखले होते. सात वर्षे आम्ही गुडघ्यांचाच उपाय शोधीत होतो.

यॉर्कचे स्टेशन १८७७ चे, वर लोखंडी कमानींचे वाकत गेलेले छप्पर. गावाला जुना तट आहे आणि त्यावरून चालता येते, सौ. जिने पाहून खालीच बसली. संग्रहालयात मात्र ती आमच्याहून अधिक रमली. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल धावून वाफेच्या एंजिनांचा विक्रम करणारे 'मॅलार्ड' तेथे उभे आहे, निळे आणि लांब नाकाचे. जपानच्या शिंकान्सेनचा एक डबाही आहे. आम्ही किटसनची पाटी शोधीत राहिलो. सौ. म्हणाली, "मामंजी असते तर हे एंजिन आतून उघडून दाखवा म्हणाले असते." दुसऱ्या दिवशी लीड्सला जाऊन यावे असे आमच्या मनात होते, अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा प्रवास, पण किटसनचा कारखाना केव्हाच बंद झाला आहे आणि बंद कारखान्याची जागा पाहून काय करावयाचे, म्हणून बेत सोडला. सोडला याची रुखरुख अजून आहे.

दुसरा टप्पा मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारा. यॉर्क सोडल्यावर डार्लिंग्टन लागते. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन आणि डार्लिंग्टन रेल्वे याच भागात सुरू झाली, आणि २०२५ मध्ये तिला दोनशे वर्षे झाली. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत हे चाक आपल्या दारी आले. पुढे डरॅम येथे उंच पुलावरून गाडी जाते तेव्हा उजवीकडे टेकडीवरचे भव्य चर्च दिसते. नंतर समुद्र. बेरिक येथे ट्वीड नदीवर अठ्ठावीस कमानींचा दगडी पूल आहे. १८५० साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडला. तो बांधणारा रॉबर्ट स्टीफन्सन हाच आपल्या जी. आय. पी. रेल्वेचा सल्लागार इंजिनियर होता. आम्ही हे सौ.ला सांगत असता समोरची एक वृद्ध इंग्रज बाई कान देऊन ऐकत होती. मॅट्रिकच्या इंग्रजीत तिलाही सांगितले. तिला हे ठाऊक नव्हते. पूल तिच्या देशातला, पण नाते आम्ही सांगितले, याचा थोडा अभिमान वाटला हे कबूल करतो.

एडिंबरोची रात्र पावसात गेली. त्याविषयी अधिक सांगत नाही.

तिसऱ्या टप्प्याची एक खुबी सांगितली पाहिजे. लंडनहून निघालेली थेट गाडी एडिंबरोनंतर स्टर्लिंगवरून वळून पर्थला जाते. त्यामुळे जे थेट जातात त्यांना फोर्थचा पूल ओलांडावयास मिळत नाही. आम्हीही २०१८ साली त्यास मुकलो होतो. एडिंबरोहून फाइफमार्गे जाणारी स्थानिक गाडी निवडली तर तो मिळतो. ४ मार्च १८९० रोजी उघडलेला, दीड मैलाच्या सुमारास लांब, सगळा पोलादी, तांबूस रंगाचा. १८७९ च्या डिसेंबरात टे नदीवरील पूल वादळात गाडीसकट कोसळला होता. त्या धसक्याने हा इतका दणकट बांधला म्हणतात. युनेस्कोने २०१५ साली त्याला जागतिक वारशात घेतले. पर्थनंतर डोंगर सुरू होतात. ड्रमॉक्टर येथे रूळ १,४८४ फुटांवर चढतात. त्या देशात मुख्य मार्गावर याहून उंच जागा नाही. आपले लोणावळे दोन हजार फुटांवर आहे, हे आम्ही मनातल्या मनात नोंदविले.

या टप्प्याचे तिकीट आम्ही मुद्दाम 'अॅडव्हान्स' न घेता साधे घेतले होते. चार पैसे अधिक पडले. कारण असे की तीन तासांचा शब्द दिला होता आणि हा प्रवास साडेतीनचा. न जाणो, लागले तर मधे उतरता यावे. सौ.ला हे सांगून ठेवले होते, पण ती त्याचा उपयोग करील असे वाटले नव्हते. पर्थ सोडून अर्धा तास झाला, दोन्ही बाजूंस दाट झाडी आली, आणि पिटलॉख्री नावाचे एक लहानसे, फुलांच्या कुंड्या टांगलेले स्टेशन आले. सौ. उठून उभी राहिली. "या तिकिटावर उतरता येते म्हणालात ना? मग उतरू या."

आम्ही उतरलो. फलाटावरच जुन्या पुस्तकांचे एक दुकान आहे. तेथील बाकावर बसून पुतण्याच्या सुनेने, म्हणजे आमच्या धाकट्या सूनबाईंनी करून दिलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. पुढच्या गाडीस बराच अवकाश होता. सौ. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आली. गाडी आली, बसलो, आणि थोड्या वेळाने तिकीट-तपासनीस आला. आम्ही खिशात हात घालणार तो सौ.ने तिकिटे स्वतःच पुढे केली. त्याने पाहिली, परत दिली आणि पुढच्या बाकाकडे गेला.

इन्व्हर्नेसच्या फलाटावर नातू बापाच्या खांद्यावर बसून वाट पाहत होता.